गोठ्यात पाच, दुधात तीन



विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव फिरताना एक वाक्य मी जितक्या वेळा ऐकले, तितके दुसरे कोणते ऐकले नसेल. "साहेब, धंदा परवडत नाही, काय करावं सांगा." कोणी कोंबड्यांचे म्हणतो, कोणी भाजीपाल्याचे, पण सर्वांत जास्त गाईंचे. आम्ही सरकारी माणसे आणि आमच्याकडे सल्ला तयारच असतो. समोरच्याचे बोलणे संपायच्या आत आमचे उत्तर सुरू होते. मीही वर्षानुवर्षे तसाच वागलो. आज तुम्हाला एका घराची हकिगत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण ते घर आमच्या भागातले आहे आणि मंडळी भिडस्त आहेत. पण ही हकिगत वाचून तुमच्यापैकी काही जण उद्या सकाळी आपल्या गोठ्याकडे निराळ्या नजरेने पाहतील, अशी मला आशा आहे.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात, कृष्णाकाठच्या एका गावातला चाळिशीचा शेतकरी माझ्या टेबलासमोर येऊन बसला. आपण त्याला दादा म्हणू. हातात प्लॅस्टिकची फाइल होती. आणखी तीन संकरित गाई घ्यायच्या, त्यासाठी अडीच लाखांचे कर्ज काढायचे आणि विहिरीलगतची वीस गुंठे जमीन तारण द्यायची, असा बेत होता. प्रकल्पाचा कागद मी तपासून द्यावा आणि शिफारशीचे दोन शब्द लिहावेत, एवढेच त्याचे मागणे होते.

मी विचारले, "आता किती गाई आहेत?"

"पाच."

"परवडतात का?"

"परवडत असत्या तर कशाला आलो असतो साहेब? दुधाला भाव न्हाई. पाच गाईंवर भागत न्हाई, आठ झाल्या की भागंल."

त्याचा कागद नीटनेटका होता. एक गाय दिवसाला बारा लिटर, वर्षाचे तीनशे दिवस, गुणिले भाव. खाली घसघशीत नफा. मी पेन उघडलेही होते. पण तो गुणाकार पाहिला आणि माझा हात थांबला, कारण असाच एक गुणाकार मी स्वतः एकदा करून दिला होता.

कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन नोकरीला लागल्याला मला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. माझी नेमणूक दुष्काळी पट्ट्यात होती. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या एका तरुण पोराने मला विचारले, गाई घेऊ का? मी झाडाखाली बसून पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडून दिला. लिटर गुणिले दिवस गुणिले भाव. पोराने कर्ज काढून दोन गाई घेतल्या. चैत्र-वैशाखात चारा आणि पाणी कुठून आणणार, हा एक प्रश्न मी त्याला विचारला नव्हता. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने दोन्ही गाई निम्म्या किमतीत विकल्या आणि कर्ज तेवढे मागे राहिले. त्याने मला कधी बोल लावला नाही. रस्त्यात भेटला तर रामराम करायचा. तो रामराम मला आजही टोचतो.

म्हणून मी पेन मिटले आणि म्हणालो, "दादा, शिफारस लिहीन, पण आधी गोठा बघतो. उद्या पहाटे येतो, धारेच्या वेळेला."

त्याला ते आवडले नाही. पण नाही कसे म्हणणार?

पहाटेचा गोठा

पहाटे पाचला पोचलो. धारा काढत होत्या वहिनी. आजी, म्हणजे दादाची आई, आंबोणाची पाटी घेऊन दावणीपुढून फिरत होती. दादा किटली घेऊन संस्थेत जायच्या तयारीत होता. मी कोपऱ्यात पोत्यावर बसलो आणि अर्धा तास काही बोललो नाही.

काय दिसले ते सांगतो. पाच गाई, पण धार तिघींचीच निघाली. गौरी दोन्ही वेळचे मिळून दहा लिटर, तांबू आठ, काळी सहा. चांदी आणि हरणी भाकड होत्या आणि गाभणही नव्हत्या. आजी पाचही गाईंपुढे सारखीच पेंड ओतत होती, मापाच्या डब्याने, दिवसाला साडेतीन किलो. गव्हाणीत उसाचे वाढे. पाणी दिवसातून दोनदा, बादलीने. गाई आखूड दाव्याला, भिंतीकडे तोंड करून बांधलेल्या.

मी आजींना विचारले, "भाकड गाईला पण तेवढीच पेंड?"

आजी म्हणाल्या, "बाबा, पाचही लक्ष्म्याच. एकीला जास्त, एकीला कमी, असा दुजाभाव माझ्या हातनं व्हायचा न्हाई."

आजींच्या मनात माया होती, खोट नव्हती. पण धंद्यात माया कुठे खर्च होते हे पाहावे लागते.

दादा संस्थेतून परत आल्यावर मी म्हणालो, "आता हिशेब." त्याने दहा दिवसांच्या बिलांच्या चिठ्ठ्या आणल्या. त्यात दूध, फॅट, एस.एन.एफ. आणि हाती आलेली रक्कम होती. पेंड संस्थेतूनच उधारीवर येई आणि तिचे पैसे बिलातून परस्पर कापले जात. त्यामुळे पेंडीवर किती जातात हे या घरात कोणी वेगळे मोजलेच नव्हते. जो पैसा हातात येऊन जातो तो जाताना दुखतो. जो हातात येतच नाही तो गेलेला कळत नाही.

आम्ही ओट्यावर बसून हिशेब मांडला. घरचे एक लिटर सोडून दूध २३ लिटर. त्या वेळी संस्थेचा भाव ३० रुपये, पण तो ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ.च्या दुधाला. यांचा एस.एन.एफ. ८.१ लागत होता, म्हणून कपात होऊन लिटरला २६ रुपये ५० पैसे पडत. दिवसाची जमा ६१० रुपये. आता खर्च. पाच गाईंना साडेसतरा किलो गोळी पेंड, किलोला ३२ रुपये, म्हणजे ५६० रुपये. विकतचा कडबा १२०. औषधपाणी आणि रेतन यांचे सरासरी ४०. एकूण ७२०. रोज ११० रुपये घरातून जात होते. आधीच्या कर्जाचा हप्ता उसाच्या बिलातून भरला जात होता. म्हणजे गाय घराला पोसत नव्हती, ऊस गाईला पोसत होता.

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "भावच न्हाई, त्याला काय करणार?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण मी त्याला दुसरा आकडा दाखवला. दोन भाकड गाईंच्या पोटात रोज सात किलो पेंड जात होती, २२४ रुपयांची. घरातून जाणाऱ्या ११० रुपयांच्या दुप्पट. "दादा, भावावर तुझा हात पोचत नाही, माझाही पोचत नाही. या २२४ रुपयांवर मात्र आपल्या दोघांचा हात पोचतो. आणि तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी राहत नाही म्हणून कोणी आणखी तीन घागरी आणत नाही."

कॅलेंडरची पाने

आता खरा प्रश्न होता, दोन गाई इतके महिने रिकाम्या का राहिल्या? मी दादाला विचारले, "चांदी शेवटची कधी व्याली? रेतन किती वेळा केलं?" त्याला नक्की सांगता येईना. "झालं असंल वर्ष-दीड वर्ष. चार-पाच वेळा डॉक्टर येऊन गेला, पण गाय उलटतीच."

तेवढ्यात वहिनी आत गेल्या आणि ट्रंकेतून जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन आल्या. तीन वर्षांची कॅलेंडरे. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात गाईचे नाव आणि एखादी खूण. गोल म्हणजे माज, फुली म्हणजे रेतन, चंद्रकोर म्हणजे व्याली. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. कोणी सांगितले नव्हते, कोणी विचारलेही नव्हते. मी थक्क झालो. आमच्या कार्यालयातल्या नोंदवह्या इतक्या खऱ्या नसतात.

ती पाने आम्ही जमिनीवर पसरली. चांदीच्या नावापुढे एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने गोल दिसत होते. गाय नियमित माजावर येत होती. पण गोल आणि फुली यांच्यात दर वेळी एक पूर्ण दिवस, कधी दीड दिवसाचे अंतर होते.

मी वहिनींना विचारले, "माज तुम्हाला कधी कळतो?"

"पहाटे. धारेला बसले की. सोट टाकलेली दिसती, हंबरती, दूध चोरती."

"मग डॉक्टरांना फोन कधी जातो?"

वहिनींनी आजींकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी अत्याबाईंना सांगती. त्या ह्यांना सांगत्यात, रानातनं जेवायला आल्यावर. मग हे फोन करत्यात. डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी येत्यात."

ओट्यावर कोणी काही बोलले नाही. दादा खाली मान घालून कॅलेंडरकडे पाहत राहिला.

वाचकहो, नियम साधा आहे. पहाटे माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती वेळ टळली की एकवीस दिवस गेले. या घरात माज ओळखणारी बाई पहाटे पाचला जागी होती आणि फोन दुपारी दोनला होत होता. मधले नऊ तास कोणाच्या आळसात गेले नव्हते, घरच्या रीतीत गेले होते. जिला माहीत होते तिने फोन करायचा नाही, आणि ज्याने फोन करायचा त्याला माहीत नव्हते.

मी काय सांगितले

मी जनावरांचा डॉक्टर नाही. ते माझे काम नव्हे, आणि आपले काम कुठे संपते हे सल्ला देणाऱ्याला कळले पाहिजे. म्हणून पहिली गोष्ट मी केली ती पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना घेऊन आलो. त्यांनी चांदी आणि हरणीला तपासले. चांदीत दोष नव्हता, फक्त वेळ चुकत होती. हरणीच्या गर्भाशयाला सूज होती, तिला औषधोपचार सुरू केला. तांबूच्या मागच्या एका सडाचे दूध परीक्षेत घट्ट झाले, म्हणजे कासेत दगडीची सुरुवात होती. बाहेरून काही दिसत नव्हते.

मग एका कागदावर मी पाच गोष्टी लिहून दिल्या.

एक, जमीन तारण देऊ नका. वर्षभर एकही गाय वाढवू नका.

दोन, पेंड दुधावर द्या. शरीरपोषणाला दीड किलो, आणि वर दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम. चारा उत्तम असला तर ३०० ग्रॅम पुरते. या मापाने गौरीला साडेपाच, तांबूला चार किलो ७००, काळीला तीन किलो ९००, भाकड दोघींना दीड-दीड. बेरीज १७ किलो १०० ग्रॅम, म्हणजे एकूण पेंड जवळपास तेवढीच. फक्त जिच्याकडून दूध घ्यायचे तिच्या तोंडी जाईल. आजींना मी म्हणालो, "आजी, बाळंतिणीला आणि घरच्या थोरल्या सुनेला तुम्ही सारखंच वाढता का?" त्या हसल्या. पंधरा दिवसांत दूध दोन लिटरने वाढले.

तीन, नुसत्या वाढ्यांवर संकरित गाय ठेवू नका. उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असते, ते अंगातला चुना बांधून टाकते. आपली खिल्लार गाय घरापुरते दूध देई आणि वाढ्यावर भागवून नेई. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरळीकांचनला संस्था काढली, १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली, आणि संकरित गाय आपल्या दारात आली. गाय नवी आली, पण गव्हाण जुनीच राहिली. तेव्हा वाढे द्यायचेच तर चुन्याची निवळी शिंपडून, कमी प्रमाणात. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. दहा गुंठे मका चिकात असताना कापून मुरघास करा, बांधाला संकरित नेपिअर लावा.

चार, पाणी चोवीस तास पुढ्यात ठेवा. दावे लांब करा, जमेल तेवढा वेळ गाई मोकळ्या सोडा. मोकळ्या गाईचा माज लपत नाही. धार काढल्यावर सड औषधात बुडवा आणि अर्धा तास गाय बसू देऊ नका. त्या वेळी पुढ्यात चारा टाकला की ती उभी राहते.

पाच, डॉक्टरांचा फोन वहिनी करतील. पहाटे पाचला. कोणाला न विचारता.

कागद वाचून दादा म्हणाला, "साहेब, मी सहीला आलो होतो, तुम्ही अभ्यास दिलात." त्याच्या बोलण्यात राग होता आणि मी तो मनावर घेतला नाही. सल्ला मागायला येणारा बहुधा मान्यता मागायला आलेला असतो. ती दिली की तो खूश होऊन जातो आणि वर्षाने बुडतो.

आषाढातली परीक्षा

पुढचे सगळे सरळ झाले असे मी सांगणार नाही. कार्तिकात काळी गाभण राहिली, मार्गशीर्षात गौरी, पौषात चांदी. हरणी मात्र औषधपाणी करूनही राहिली नाही. भाकड गाईला गिऱ्हाईक नाही, ती अजून दावणीला आहे. आषाढात गौरी आणि काळी दोघी आटवल्या. चांदी गाभण, हरणी रिकामी. दुधात एकटी तांबू. दूध आठ लिटरवर आले आणि दादा पुन्हा माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, तुमचं ऐकलं आणि होतं ते दूध पण गेलं."

खरे सांगतो, त्या रात्री मला झोप नाही. दुष्काळी पट्ट्यातला तो पोरगा आठवत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी काही न बोलता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले. श्रावण, भाद्रपद, आश्विन, तीन महिन्यांत तीन चौकोनांना लाल पेन्सिलीने गोल केले होते. दादाला त्या म्हणाल्या, "तारखा चुकायच्या न्हाईत. दोन महिने कळ काढा."

तारखा चुकल्या नाहीत.

दिवाळीला आम्ही पुन्हा त्याच ओट्यावर हिशेब केला. या वेळी आकडे सांगायला बारावीतली मुलगी बसली होती. वही आता ती लिहिते. गौरी तेरा लिटर, चांदी बारा, काळी नऊ, तांबू गाभण राहून आटत आलेली, चार. एकूण ३८, संस्थेत ३७. एस.एन.एफ. सुधारला, भाव साडेएकोणतीस पडला. जमा १,०९१ रुपये. पेंड १९ किलो, ६०८ रुपये. कडबा ९०, औषधे आणि खनिज मिश्रण ५०, मुरघासाचा खर्च ६०. एकूण ८०८. मागे उरले २८३. महिन्याचे साडेआठ हजारांच्या आसपास. जमीन विहिरीलगत जागच्या जागी, कर्जाविना.

दादाने मिठाईचा पुडा पुढे केला. पण मी त्याला आणखी एक हिशेब सांगितला, तो तुम्हालाही सांगतो. या घरातल्या दोन बाया रोज मिळून पाच तास गोठ्यात राबतात. त्यांची मजुरी धरली तर या २८३ रुपयांतून फारसे काही उरत नाही. म्हणजे हा नफा नव्हे, ही त्यांची मजुरी आहे. ती त्यांच्या हाती जावी. आणि दुधाचा भाव लिटरला तीन रुपयांनी उतरला तर दिवसाला १११ रुपये जातील, माझा कोणताही कागद ते थांबवू शकणार नाही. भावाची तक्रार खरी आहे आणि ती एकजुटीने करत राहायला हवी. पण तोपर्यंत आपल्या गोठ्यातली गळती आपणच बुजवायची.

दादाने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "मग बिल हिच्याच नावावर करतो." पुढच्या बिलापासून संस्थेत खाते वहिनींच्या नावावर झाले.

तुमच्या ओट्यावर

आता तुमच्यासाठी. अधिकाऱ्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळी घरातली सगळी माणसे ओट्यावर बसवा, बायका आणि मुले धरून, आणि चार प्रश्न विचारा. गोठ्यात किती आणि दुधात किती? जनावराच्या तोंडी रोज किती रुपये जातात, बिलातून कापलेले धरून? प्रत्येक गाय शेवटची कधी व्याली आणि आज कितव्या महिन्याची गाभण आहे? आणि चौथा प्रश्न, या घरात सर्वांत आधी कोणाला कळते, आणि त्या माणसाचे ऐकले जाते का?

पहिल्या तीन प्रश्नांना वही लागेल. शंभर पानी पुरेल. गाय दर तेरा महिन्यांनी वीत असेल तर तुम्ही सुखी आहात. अठरा-एकोणीस महिने लागत असतील तर नवी गाय घेऊ नका, आहे तीच नीट बघा.

चौथ्या प्रश्नाला वही लागत नाही. पण त्याचे उत्तर सर्वांत अवघड, आणि बहुतेक घरांत पैसा तिथेच गळत असतो.

हरणीचे काय करायचे, असे दादा अजून विचारतो. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. आजी मात्र रोज तिला दीड किलो मापून घालतात, आणि वर मूठभर जास्त टाकतात. मी ते पाहिले आहे. त्या मुठीचा हिशेब मी वहीत धरायला सांगितलेला नाही.